विश्लेषण : फायटिंग गेमचा नवा भाग परवडतो की जुन्यातली ‘डीएलसी’?

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस रायगडच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि तरुण मुलांच्या हातात मोबाइल. या मुलांपैकी एखाद्याने घरच्या संगणकावर ‘टेकन ८’ उतरवून घ्यायचे ठरवले, तर त्याला १०० जीबी जागा लागते. रोज दीड जीबी डेटा देणाऱ्या पॅकवर बंदीचे सगळे ६१ दिवस एकही व्हिडीओ न पाहता हाच उद्योग केला, तरी ९१.५ जीबीच भरतात. बोटी समुद्रात परत जातील, गेम अजून उतरतच असेल.

मुंबईतल्या फायबर जोडणीवर हीच गोष्ट एका संध्याकाळीत होते. म्हणूनच फायटिंग गेमच्या मालिकांनी दर दोन-तीन वर्षांनी नवा भाग काढावा की एकाच गेममध्ये वर्षानुवर्षे विकत घेण्याजोगी भर घालत राहावे, या जगभर चाललेल्या वादाचा अर्थ श्रीवर्धन-मुरूडमध्ये थोडा वेगळा निघतो.

डीएलसी म्हणजे नेमके काय?

डाउनलोड करून मूळ गेमला जोडायचा, बहुधा वेगळे पैसे मोजून घ्यायचा भाग म्हणजे डीएलसी. फायटिंग गेममध्ये ती प्रामुख्याने नव्या पात्रांच्या रूपाने येते. त्याशिवाय पोशाख, लढतीची नवी ठिकाणे आणि क्वचित कथेचा नवा अध्याय. वर्षभरात येणारी चार-सहा पात्रे एकत्र विकली की त्याला ‘सीझन पास’ किंवा ‘इयर पास’ म्हणतात. ‘स्ट्रीट फायटर ६’ २ जून २०२३ रोजी १८ पात्रांसह आला. पहिल्या वर्षी रशीद, ए.के.आय., एड आणि अकुमा, दुसऱ्या वर्षी एम. बायसन, टेरी, माई आणि एलेना असे करत तो वाढत गेला. सीक्वेल म्हणजे मात्र पूर्ण नवा गेम. चित्रे नवी, लढतीचे नियम नवे, किंमतही नवी. भारतात मोठ्या कन्सोल गेमची ही किंमत साधारण चार-पाच हजार रुपयांच्या घरात जाते.

या दोहोंच्या मधे आणखी एक गोष्ट असते, तिचा अनेकदा विसर पडतो. ती म्हणजे ताकदीचा समतोल साधणारे मोफत अपडेट. कोणाचा ठोसा किती वेगाने बसावा, कोणाची ढाल किती टिकावी हे त्यात बदलते. हे अपडेट सर्वांना मिळते आणि ऑनलाइन खेळायचे तर ते नाकारताही येत नाही. डीएलसीबद्दलचा बराचसा राग खरे तर या अपडेटवरचा असतो.

पार्लरच्या काळात काय होते?

तेव्हा डीएलसी नव्हती, पण ‘तोच गेम पुन्हा विकणे’ होतेच. कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर २’ १९९१ मध्ये आला. १९९२ मध्ये त्याची ‘चॅम्पियन एडिशन’ आणि मग ‘हायपर फायटिंग’ आली. १९९३ मध्ये ‘सुपर’, १९९४ मध्ये ‘सुपर टर्बो’. गेमच्या नावातला आकडा दोनच राहिला, पैसे मात्र प्रत्येक वेळी नव्याने मोजावे लागले. खरा तिसरा भाग १९९७ मध्ये आला. त्यात जुन्यांपैकी रियू आणि केन एवढेच परत घेतले होते. आज जाणकार त्या गेमची वाहवा करतात, पण त्या वेळच्या सामान्य खेळाडूला आपला नेहमीचा गडी सापडला नाही आणि त्याने नाणे दुसऱ्या मशीनमध्ये टाकले.

एसएनके कंपनीने दुसरे टोक गाठले. ‘द किंग ऑफ फायटर्स’चा १९९४ पासून २००३ पर्यंत दर वर्षी नवा भाग. आपल्याकडे त्यातला १९९७ चा भाग पार्लरमध्ये रुजला, तो रुजलाच. पुढचे भाग आले, पण असंख्य पार्लरमालकांनी ‘केओएफ ९७’ काढले नाही. कारण साधे होते. गिऱ्हाईक त्याच गेमसाठी येत होते आणि नव्या कॅसेटला पैसे लागत होते. (जोडीला ‘मुस्तफा’ असे. कॅपकॉमच्या १९९३ च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’चे हे आपले घरगुती नाव.) आजही कोकणातल्या कित्येक तिशी-चाळिशीतल्या लोकांच्या मोबाइलवर तोच गेम एम्युलेटरमध्ये चालतो. त्यातल्या फार थोड्यांनी त्याचे पैसे कंपनीला दिले असतील, हेही इथेच सांगून टाकलेले बरे.

याच ‘केओएफ ९७’मधले टेरी आणि माई आता ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये डीएलसी म्हणून आले आहेत. टेरी सप्टेंबर २०२४ मध्ये, माई फेब्रुवारी २०२५ मध्ये. ज्या पात्रांना पार्लरमध्ये एका नाण्यात खेळवले, ती आता दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या करारातून, स्वतंत्र किमतीला मिळतात. सीक्वेलच्या युगात असे पाहुणे यायला वेगळा संयुक्त गेमच काढावा लागे.

कंपन्यांना डीएलसी का हवी?

फायटिंग गेममधले एक पात्र उभे करणे हे दिसते त्याहून फार मोठे काम आहे. त्याची प्रत्येक चाल, प्रत्येक चालीचा वेग, ती इतर तीसेक पात्रांसमोर कशी चालते याची चाचणी, आवाज, कथा. सीक्वेल काढताना हे सगळ्याच पात्रांसाठी पहिल्यापासून करावे लागते. त्यामुळे नव्या भागात पात्रे कमी होतात. ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’मध्ये ४४ पात्रे होती. २०१६ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ५’ आला तेव्हा १६. ‘टेकन ७’ संपताना पन्नासच्या वर पात्रे होती. २६ जानेवारी २०२४ रोजी आलेल्या ‘टेकन ८’ची सुरुवात ३२ पात्रांनी झाली. या मालिकेचे तेव्हाचे सूत्रधार कात्सुहिरो हराडा यांनी त्याच वर्षी ‘टेकन ८’चा खर्च ‘टेकन ७’च्या दोन-तीनपट असल्याचे सांगितले होते. एवढा पैसा गेम विकला गेल्याच्या पहिल्या महिन्यात वसूल होत नाही. शिवाय पुढची चार-पाच वर्षे सर्व्हर चालवायचे, स्पर्धा भरवायच्या, समतोल राखायचा, तर पैशाचा ओघ सुरू लागतो. हा कंपन्यांचा युक्तिवाद आहे आणि तो खोटा नाही.

किनाऱ्यावरच्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागू नये. दर पावसाळ्यात होडी वर ओढायची, कुजलेली फळी बदलायची, रंग द्यायचा आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात सोडायची. नवी होडी दर वर्षी कोणी बांधत नाही. पण सगळ्याच फळ्या बदलायची वेळ आली की डागडुजी महाग पडते, हेही त्याला ठाऊक असते.

मग खेळाडू चिडतात कशावर?

डीएलसी विकण्याची पद्धत अनेकदा लबाडीची असते म्हणून. सर्वांत गाजलेले उदाहरण २०१२ च्या ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’चे. बारा पात्रे आधीच डिस्कवर होती, फक्त कुलूपबंद. ज्याने डिस्कचे पूर्ण पैसे दिले, त्यालाच त्या डिस्कवरची पात्रे उघडण्यासाठी पुन्हा पैसे मागितले गेले. कॅपकॉमला यातून मिळालेली बदनामी मिळालेल्या पैशापेक्षा जास्त काळ टिकली.

‘टेकन ७’मध्ये तर कोणती चाल किती फ्रेममध्ये बसते ही माहिती दाखवण्याची सोय विकत ठेवली होती. पत्त्यांच्या डावात पानांवरचे आकडे वाचायला पैसे मागण्यासारखे हे. ‘टेकन ८’मध्ये ती सोय मोफत झाली, पण गेम बाजारात आल्यावर सुमारे महिन्याभराने त्यात पोशाख विकणारे दुकान उघडले. तोपर्यंत परीक्षणे छापून झाली होती आणि लोकांनी गेम घेतलाही होता. दुकान उघडणार हे आधी सांगितले असते, तर कदाचित एवढा गदारोळ झाला नसता.

‘मॉर्टल कोम्बॅट’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. एप्रिल २०१९ च्या ‘मॉर्टल कोम्बॅट ११’ला मे २०२० मध्ये ‘आफ्टरमॅथ’ ही भर मिळाली. तिची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत ४० डॉलर, म्हणजे नव्या गेमच्या जवळपास दोन तृतीयांश. त्याच नोव्हेंबरमध्ये सगळे एकत्र करून ‘अल्टिमेट’ आवृत्ती आली. जो थांबला, त्याचा फायदा झाला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये ‘मॉर्टल कोम्बॅट १’ आला. वर्षभराने त्यालाही ‘खेऑस रेन्स’ ही मोठी भर मिळाली. पण मे २०२५ मध्ये आता नवी पात्रे किंवा कथेचे नवे अध्याय येणार नाहीत, असे कंपनीने जाहीर केले. दोन वर्षांच्या आत गाडा थांबला. पुढची काही वर्षे पात्रे येत राहतील या भरवशावर ज्यांनी हा गेम निवडला, त्यांच्या हातात काय राहिले? एक ‘डेफिनिटिव्ह’ नावाची आवृत्ती.

आणखी एक दुखणे कमी बोलले जाते. सीक्वेल आला की जुन्या गेममध्ये विकत घेतलेली पात्रे तिथेच राहतात. अकुमा ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये डीएलसी होता, ‘६’मध्येही डीएलसीच. एडी गोर्डो ‘टेकन ७’मध्ये पहिल्या दिवसापासून होता, ‘८’मध्ये तो वेगळा विकत घ्यावा लागला. म्हणजे ‘डीएलसी की सीक्वेल’ हा प्रश्नच काहीसा फसवा आहे. प्रत्यक्षात खेळाडू दोन्हींचे पैसे देतो, फक्त हप्ते वेगळे पडतात.

स्पर्धेत उतरणाऱ्यांचे काय?

त्यांच्यासाठी हा हौसेचा प्रश्न राहत नाही. समोरच्याने नवे विकतचे पात्र निवडले आणि तुमच्याकडे ते नसेल, तर घरी सराव कोणासमोर करणार? ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये ठरावीक वेळेपुरते पात्र भाड्याने घेण्याची तिकिटे आहेत. सोय म्हणून ठीक, पण रोज तासन् तास सराव करणाऱ्याचे त्यावर भागत नाही. या बाबतीत ‘स्ट्रीट फायटर ५’ सुरुवातीला उदार होता. खेळून मिळवलेल्या ‘फाइट मनी’तून नवी पात्रे घेता येत. तोच गेम पहिल्या दिवशी मात्र इतका अर्धवट होता की एकट्याने खेळायचा नेहमीचा आर्केड मोडही त्यात नव्हता. २०१८ च्या ‘आर्केड एडिशन’ने ही उणीव भरून काढली आणि जुन्या ग्राहकांना ते अपडेट फुकट मिळाले. सीक्वेलच्या जुन्या पद्धतीत त्याची वेगळी डिस्क विकली गेली असती.

सीक्वेलचा फटका कसा बसतो, हे भारतीय खेळाडूंनी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अनुभवले. करोनामुळे २०२२ ची ही स्पर्धा सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. त्यात ‘स्ट्रीट फायटर ५’ खेळवला गेला. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले. अडचण अशी, की ‘स्ट्रीट फायटर ६’ त्याआधी जवळपास चार महिने बाजारात आला होता आणि जगभरचे खेळाडू तिकडे वळले होते. देशासाठी खेळायचे तर मागे राहिलेल्या गेमचा सराव करायचा, आणि कारकीर्द घडवायची तर नव्याचा. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकले, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. पार्लरमध्ये वाढलेल्या पिढीचा हा माणूस. कोकणातल्या ‘केओएफ ९७’वाल्यांनी वय झाले म्हणून इतक्यात हार मानू नये.

दुसरीकडे, डीएलसीच्या पद्धतीत गेम तोच राहतो पण पायाखालची जमीन हलते. एप्रिल २०२५ मध्ये ‘टेकन ८’चा दुसरा सीझन सुरू झाला, तेव्हा समतोल इतका बिघडल्याची भावना झाली की स्टीमवर नकारात्मक अभिप्रायांचा पूर आला आणि कंपनीला घाईने दुरुस्त्या कराव्या लागल्या. सीक्वेल आवडला नाही तर जुना भाग खेळत बसता येते. अपडेट आवडले नाही तर परत जायला वाट नसते. ‘केओएफ ९७’ न काढणाऱ्या पार्लरमालकाकडे जो अधिकार होता, तो आज साडेचार हजार मोजणाऱ्या ग्राहकाकडे नाही.

नेटवर्क गेले की काय उरते?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल मनोरे बंद पडले आणि अनेक गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. तेव्हा गेमचा विचार कोणाच्या मनात असणे शक्य नव्हते. पण डिजिटल खरेदी ही किती बारीक दोरीवर लटकलेली असते, हे अशा वेळी दिसते. गावात जनरेटर लावून टीव्ही चालवता येतो. दूरच्या सर्व्हरकडून परवानगी घेणारा गेम मात्र नेटवर्क येईपर्यंत उघडत नाही.

वादळ यायलाच हवे असेही नाही, कंपनीचा एक निर्णय पुरतो. वॉर्नर ब्रदर्सचा ‘मल्टिव्हर्सस’ हा फुकट खेळता येणारा, पण पात्रे आणि पोशाख विकणारा फायटिंग गेम २०२२ मध्ये आला, २०२३ मध्ये काढून घेतला, मे २०२४ मध्ये परत आणला आणि ३० मे २०२५ रोजी कायमचा बंद केला. ज्यांनी त्याआधी तो उतरवून ठेवला होता त्यांना ऑफलाइन खेळता येते, एवढी तरी मेहेरबानी कंपनीने केली. मोबाइलवर ‘टेकन’ची आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि २०१९ मध्ये गेली. याउलट ‘शॅडो फाइट २’ हा मोबाइल गेम तिसरा आणि चौथा भाग येऊनही टिकून आहे. त्याची जाहिराती आणि ‘एनर्जी’ची अट नसलेली, एकदाच पैसे देऊन घ्यायची ‘स्पेशल एडिशन’ही निघाली. ग्राहक असा सरळ व्यवहार नाकारत नाही, फक्त तो त्याच्यासमोर फारसा ठेवला जात नाही.

डिजिटल दुकानात मिळतो तो गेम नव्हे, गेम वापरण्याचा परवाना. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगणे दुकानांना बंधनकारक केले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई निर्माण करणे, किंमत शेवटी वाढवून दाखवणे असे तेरा प्रकार त्यात आहेत. ‘फक्त आजच’ म्हणत पोशाख विकणाऱ्या गेममधल्या दुकानांना ती लावून पाहायला हवीत. ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा मात्र इथे कामाचा नाही. तो पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घालतो. पात्र विकत घेणे हा त्यातला प्रकार नाही.

किनाऱ्यावरच्या खेळाडूने काय करावे?

गणपतीला मुंबईहून चुलतभावंडे येतात, एकच कन्सोल असतो आणि पात्रांवरून भांडणे होतात. पूर्वी येताना पिशवीत डिस्क आणली की काम भागत असे. खेळून झाल्यावर ती मित्राला देता येई, दुकानात अर्ध्या किमतीत विकताही येई. डीएलसी अकाउंटला चिकटलेली असते. ती उसनी देता येत नाही, विकता येत नाही. पीएस५वर ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ हा पर्याय आपल्या यंत्रावर सुरू ठेवला, तर त्याच यंत्रावरच्या इतर अकाउंटनाही ती वापरता येते आणि नेटवर्क नसतानाही गेम उघडतो. हे गावी निघण्याआधी, मुंबईतच करून घ्यावे. मोठे डाउनलोडही तिथेच उरकावेत. स्टीमवर घेतलेली डीएलसी १४ दिवसांच्या आत, आणि ती घेतल्यापासून मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर बहुधा परत करता येते. मुलांच्या हाती वडिलांचे यूपीआय असेल, तर ही मुदत पालकांनीच लक्षात ठेवलेली बरी.

आणि घाई नसेल तर थांबावे. दीड-दोन वर्षांनी सगळे एकत्र करून निघणारी आवृत्ती बहुतेक मालिकांमध्ये येतेच, आणि ती सवलतीत मिळते.

दोन्हींमध्ये निवडच करायची झाली, तर दीड जीबीवर भागवणाऱ्यांना डीएलसीची पद्धत जवळची आहे. १०० जीबीचा नवा भाग उतरवण्यापेक्षा आहे त्यात एक पात्र वाढवणे सोपे, आणि सगळी पात्रे घेतलीच पाहिजेत असे कोणी सांगितलेले नाही. पण त्यासाठी कंपन्यांनी काही गोष्टी मान्य करायला हव्यात. विकतचे पात्र निदान सरावात प्रतिस्पर्धी म्हणून सर्वांना मोफत मिळाले पाहिजे. गेम किती वर्षे चालवणार हे पहिला पास विकतानाच सांगितले पाहिजे. आणि सर्व्हर बंद करायचा झाला, तर विकत घेतलेले सारे ऑफलाइन चालेल असे शेवटचे अपडेट द्यायला हवे. ‘मल्टिव्हर्सस’ने बंद पडताना का होईना, ते शक्य असल्याचे दाखवले आहे.

२०२६ च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धेच्या यादीत ‘स्ट्रीट फायटर’, ‘टेकन’ आणि ‘किंग ऑफ फायटर्स’ या तिन्ही मालिकांना एकत्र स्थान मिळाले आहे. म्हणजे तयारी करणाऱ्या भारतीय खेळाडूला तीन गेम, त्यांचे सगळे पास आणि ते उतरवून घेण्याइतके इंटरनेट, एवढे सगळे एकाच वेळी लागणार.